स्पॉट नंबर सात

उदगीरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये
खिडकीकडच्या फडताळात एक बरणी आहे.
लेबलवरची शाई तपकिरी पडलेली:
जेलीफिश, ऑरेलिया. मालवण सहल, डिसेंबर एक्क्याण्णव.

त्या सहलीतला आता इराप्पा तेवढा उरलाय.
त्यानंच उचलली होती ती किनाऱ्याच्या वाळूवरून.
‘रातभर हात खाजवत बसलो, मॅडम.
आन् बघायला गेलं तर हातात काय?
नुस्तं पाणी.’

मी तेरा वर्षं शिकवते आहे
आणि समुद्रात गुडघ्यापलीकडे गेलेली नाही.
मी सांगते, ही शिकारीमागे धावत नाही.
छत्री मिटते, उघडते, मिटते,
दर मिटण्याला पाण्यात एक भोवरा पडतो,
भोवऱ्याबरोबर येतं जेवण:
माशांची अंडी, खेकड्यांची कालची पिल्लं,
जात्याभोवती उडणाऱ्या पिठाएवढं बारीक काहीबाही.
छत्रीच्या पाठीवर चिकट बुळबुळ असते, त्यात ते अडकतं,
न दिसणारे केस त्याला काठापर्यंत ढकलत नेतात
आणि काठावरून ओठांच्या चार लांब झालरी
ते चाटून घेतात.
झालरींच्या मधोमध तोंड. एकच.
घास आत जायचा तिथून, उष्टंही बाहेर तिथूनच.
इथे मागच्या बाकावर हशा पिकतो, दरवर्षी.
मेंदू नाही म्हटल्यावर पुन्हा पिकतो,
या वेळी कुणाकडे तरी बघून.

मग फळ्याकडे वळून मी बाकीचं सांगते.
की लहान मासे छत्रीखाली बिऱ्हाड करतात,
मालकिणीच्या दोऱ्यांना शिवायचं नाही
एवढा एकच नियम पाळून.
की कासव तिला खरवसासारखी खातं.
की मेल्यावर ती सावकाश खाली उतरते, दिवसच्या दिवस,
आणि तळाच्या अंधारात खेकड्यांची पंगत उठून बसते.
आणि जिथले मासे माणसांनी उपसून नेले
तिथे रिकाम्या पाटांवर तीच येऊन बसते, हजारोंनी.
जाळं जड लागतं,
ओढून वर घ्यावं तर विकण्यासारखं काही नसतं.

फॉर्मालिनचं बिल तीन वर्षं मंजूर झालं नाही.
बरणीतली पातळी उतरली की इराप्पा भर घालायचा.
कशाची, ते मी विचारलं नाही.
नळाला दहाव्या दिवशी पाणी,
कधी टँकरचं, कधी त्याच्या घरच्या कळशीतलं.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा झाली.
स्पॉट नंबर सात: ओळखा, आकृती काढा, वैशिष्ट्ये लिहा.
एकतीस जणांनी लिहिलं, ऑरेलिया.
एकतीस छत्र्या, झालरी नीट मोजून चार.
निलोफर पिंजारीनं आकृतीच काढली नव्हती.
तिनं लिहिलं:
‘बरणीत प्राणी दिसत नाही.
पाणी आहे, थोडं गढूळ.
तळाशी एक पांढरा दोरा आहे, तो बांधायचा असावा.’

नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी शून्य दिला
आणि चहा प्यायला गेले.

मी बरणी उन्हात धरली.
फिरवली. पुन्हा धरली.
पलीकडे सरळ पटांगण दिसत होतं,
लिंबाखाली लावलेल्या सायकली, जराशा वाकलेल्या.
कधी विरघळली असेल?
कोणत्या वर्षीच्या मुलांना मी
छडीनं झालर दाखवली, नसलेली?

‘मी तर रोज पुसतो, मॅडम,’ इराप्पा म्हणाला,
‘मला दिसायली की.’
मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत घातला आणि बराच वेळ बोलला नाही.
‘वतून देऊ का? भाईर कण्हेर हाय, वाळायली.’
‘नको. औषध आहे त्यात.’
‘औषध कुठलं आलं,’ तो हळूच म्हणाला.

परीक्षकांशी वाद घालून
निलोफरला तीनपैकी अडीच मिळवून दिले.
अर्धा कापला,
प्राण्याचं नाव लिहिलं नाही म्हणून.
इराप्पानं झाकण घट्ट केलं,
बरणी जागेवर ठेवली
आणि लेबल पुढे येईल अशी
थोडी फिरवली.